ओटीपी पुण्याला जातो

आमचा ट्रस्ट म्हणजे सांगलीत विश्रामबागेत एक अभ्यासिका, तीन कपाटं पुस्तकं आणि सात विश्वस्त, त्यातले पाच सत्तरीपुढचे. मी त्यातल्या त्यात लहान, म्हणजे चोपन्न, म्हणून 'मोबाईलचं तू बघ' हे खातं माझ्याकडे.

गेल्या महिन्यात खजिनदारांना अध्यक्षांचा फोटो असलेल्या नवीनच नंबरवरून मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे, अर्जंट ४५ हजार पाठवा. काका पाठवणारच होते पण त्यांना खटकलं काय, तर वरती 'स. न. वि. वि.' नव्हतं. आमचे अध्यक्ष व्हॉट्सॲपवर पण ते लिहितात! चेष्टा करायचो आम्ही त्याची, आता नाही करत.

पैसे वाचले, पण त्या निमित्ताने मी आमचा कारभार बघितला आणि घामच फुटला. दोन हजाराच्या चेकला दोन सह्या लागतात, त्यातल्या एकीसाठी आम्ही मिरजेला गाडी काढून जातो, आणि नेटबँकिंगला मात्र सगळं खातं एका ओटीपीवर. तो जातो जुन्या खजिनदारांच्या मोबाईलवर, जे दोन वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला गेलेत. बँक म्हणते धर्मादाय कार्यालयातून चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, मंजूर करून आणा, तो दाखल करायची मुदत ९० दिवस, आम्ही केला उशिरा, आता तारखा चालू आहेत. तोवर प्रत्येक बिलाला फोन करायचा, 'आबा, ओटीपी सांगा'. ऐंशीच्या माणसाला फोनवर ओटीपी सांगायची सवय दुसऱ्या कुणी नाही, आम्हीच लावली की हो!

शिवाय ८०जीच्या, म्हणजे देणगीवर आयकर सवलतीच्या पावत्यांसाठी, ३१ मेच्या आत १०बीडी हा आयकर खात्याचा देणग्यांचा फॉर्म भरायला घेतलेले देणगीदारांचे पॅन नंबर आणि पत्ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, आणि त्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरलाच चिकटवलेला. चिठ्ठी फाडली, पासवर्ड बदलला.

रविवारी बसून सगळ्यांच्या व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन टाकला. फळ्यावर १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर लिहिला, पैसे गेलेच तर लगेच तिथं फोन करायचा, जितका लवकर तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता यायची शक्यता जास्त. एकाने पेमेंट टाकायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं, तसला फॉर्म पण बँकेतून आणलाय.

आणि आबांना सांगितलंय, ओटीपीसाठी कुणाचाही फोन आला की ठेवायचा आणि अभ्यासिकेच्या लँडलाईनवर आपण उलटा करायचा. परवा लाईट बिल भरायला मी फोन केला तर आवाज ओळखून सुद्धा म्हणाले, "ठेव तू, मी करतो." आणि झोपले. बिल दुसऱ्या दिवशी भरलं.