चैत्रातली वही: आधी रंग, मग रेघ

चैत्र शुद्ध पंचमी, सकाळी सात. वेंगुर्ल्याजवळचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आडोशाला. मतलई वारा मंद. हवा दमट, कागद बोटांना किंचित मऊ लागतो.

कोकणातला वसंत फुलांइतकाच, किंबहुना जास्तच, पानांत असतो. कुसुंब लाल, पिंपळ गुलाबी, मोहोर न आलेल्या आंब्याच्या फांद्यांना तांबूस पालवी. ही लाली कोवळ्या पानातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याची. पान पसरतं, हरितद्रव्य भरतं, की ती मागे हटते. आज टिपलेला रंग चार दिवसांनी त्याच फांदीवर सापडत नाही. आकार मात्र बऱ्यापैकी तसाच राहतो. म्हणून झाडं-फुलं जलरंगात टिपायच्या या वहीत चित्रकलेच्या वर्गातला क्रम उलटा करावा लागतो: आधी रंगाच्या चौकटी, मग रेघ.

वहीच्या पानाच्या कडेला नखाएवढ्या पाच-सहा चौकटी आखायच्या आणि फांदी हातात न घेता, झाडावर असतानाच रंग जुळवायचा. आंब्याच्या पालवीला बर्न्ट सिएनात थोडा क्रिमसन, खूप पातळ. तो वाळल्यावर वरून लेमन यलोचा हलका हात. दोन्ही ओले असताना एकत्र केले तर मातकट चिखल होतो. जून पानाला प्रशियन ब्लू, यलो ऑकर आणि चिमूटभर बर्न्ट सिएना. ट्यूबमधला तयार हिरवा सरळ वापरू नये. त्यानं आंबा, काजू, फणस सगळे एकाच झाडाचे दिसतात. पालवी तोडून आणायचा मोह आवरावा, ती पाहता पाहता मान टाकते आणि मग आपण कोमेजलेलं पान काढत बसतो.

वही सावलीत हवी. भर उन्हात पांढरा कागद इतका चकाकतो की आपण नकळत रंग गडद लावतो, आणि घरी खोलीत उघडल्यावर पान काळवंडलेलं दिसतं. दाट झाडाखालीही घात आहेच: पानांतून गाळलेला हिरवट उजेड कागदावर पडतो आणि लाल रंग मेलेला वाटतो. गडग्याची, भिंतीची सावली उत्तम. अकराच्या सुमारास खारा वारा सुटला की फांद्या हलू लागतात, म्हणून बारीक काम साडेनऊपर्यंत आटपलेलं बरं.

आता रेघ. पेन्सिल एचबी पुरते. जास्त मऊ टूबी घामानं पसरते; हाताखाली कोरा कागद ठेवला तरी पसरते. पानाची मधली शीर आधी, मग पान सर्वांत रुंद कुठे आहे त्याची खूण, मग उपशिरांचा कोन. कडा सगळ्यात शेवटी. कडेपासून सुरुवात केली की प्रत्येक पान लग्नपत्रिकेवरच्या पानासारखं होतं. मोजमाप जमेल तिथे प्रत्यक्षाइतकंच ठेवावं, कंपासनं घेतलेलं. मोठं केलं असेल तर शेजारी ‘दुप्पट’ असं लिहावं, नाहीतर पुढच्या वर्षी ती वही फसवते.

पळसाला पाने तीनच, हे सगळ्यांना पाठ. पण ती तिन्ही सारखी नसतात: मधलं दोन्ही बाजूंनी सारखं, टोकाकडे रुंद, बाजूची दोन तिरकी, एका अंगाला फुगलेली. बहुतेक वह्यांत तीन जुळी भावंडं दिसतात. पांगाऱ्यालाही तीनच, म्हणून ओळख पटवायला फांदीवरचे काटे रेखाटायचे विसरू नये.

काजूवर मात्र रेंगाळावं. एकाच तुऱ्यात फूल, बी आणि बोंड सापडतं, आणि क्रम कागदावर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. फळ म्हणून आपण खातो ते बोंडू म्हणजे फुगलेला देठ. खरं फळ ती बी. बी आधी वाढते, हिरवीगार आणि बोंडापेक्षा मोठी. देठ नंतर फुगतो. शेजारी शेजारी चार अवस्था काढल्या तर एक पान पुरेसं होतं. फुलाच्या पाच पाकळ्या आधी पांढरट, मग त्यांवर गुलाबी रेषा चढतात. पुंकेसरांतला एक बाकीच्यांपेक्षा चांगलाच लांब. बी कापून बघायचं असेल तर हाताला खोबरेल लावून, आणि तरी जपून: कवचातलं तेल कातडी भाजतं. करवंदाचा चीक भाजत नाही, पण कागदावर पडला तर तपकिरी डाग कायमचा.

करवंदाची फुलं पांढरी, कागदही पांढरा. पांढरा रंग लावू नये. मागची पानं गडद करावीत, फूल आपोआप पुढे येतं. पाकळ्या भिंगरीसारख्या एकाच दिशेला वळलेल्या. दिशा चुकली की जाणता माणूस लगेच हसतो.

सुरंगी पानांच्या बेचक्यात शोधू नये, ती पानांखालच्या जाड, जुन्या फांद्यांना चिकटून फुटते. बाह्यकवच दोन वाट्यांत उघडतं, पाकळ्या चार, आणि पिवळ्या केसरांचा झुबका. केसर मोजत बसू नये. पिवळ्याचा एक ठिपका, कडेला चार-सहा रेघा, बस्स. वळेसर (सुरंगीचे गजरे) करणारे पहाटेच कळ्या उतरवतात, तेव्हा उशिरा गेलात तर वासच उरतो.

अंजनीच्या फुलांचा निळा-जांभळा अल्ट्रामरीन आणि थोड्या जांभळ्यात मिळतो. मोबाइलवर भरवसा नको, तो हा रंग हमखास भडक किंवा फिका करतो.

वहीची निगा हा कोकणातला स्वतंत्र धडा. कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन). २०० चालतो, पण पातळ रंगातच. दमट खाऱ्या हवेत कागदाचं, रंग पटकन शोषू न देणारं आवरण खराब होतं आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातो, म्हणून वही घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. लोखंडी चिमटे गंजतात, त्यांचा डाग पानावर उतरतो. लाकडी किंवा प्लास्टिकचे घ्यावेत. पान बोटाच्या मागच्या बाजूला गार लागलं तर आत अजून ओल आहे, मिटू नये. रंगपेटीही रात्री उघडी, पंख्याखाली. बंद ठेवली तर बुरशी येते.

आजची नोंद: पालवी तांबूस, चार चौकटी, वारा मंद. उद्या तिवरांकडे. भांग (अष्टमीच्या सुमारास येणारी कमी उंचीची भरती-ओहोटी) जवळ आल्यानं पाणी फार मागे जाणार नाही, पण तिवरांची (खारफुटीची) वर आलेली मुळं दिसतील. उद्या ओहोटी आजच्यापेक्षा पाऊणएक तासानं उशिरा. जुने सँडल आणि फडकं पिशवीत आत्ताच टाकलेलं बरं.