गाडी खाली, घर वर

आमच्या प्लॉटवर विटांचं घर उभं राहायच्या आधी एक रविवारभर फक्कीचं घर होतं. दोन गोणी पांढरी फक्की, एक जुना नारळाचा दोर, चार खुंट्या आणि पन्नास फुटी टेप. मी आणि हे, दोघांनी सकाळी सात वाजता सुरुवात केली आणि नऊपर्यंत हॉल, स्वयंपाकघर, जिना, गाडीची जागा असं सगळं जमिनीवर आखून काढलं. मग मी गाडी आणून त्या आखलेल्या गॅरेजमध्ये लावली.

मामा, म्हणजे माझे सासरे, पुढच्या सीटवर डावीकडे बसले होते. त्यांनी दार उघडलं. ते फक्कीच्या रेषेला टेकलं, म्हणजे उद्याच्या भिंतीला. दार अर्धंही उघडलं नव्हतं. त्यांनी आधी काठी बाहेर काढली, मग एक पाय काढला, आणि तिथंच थांबले. दुसरा गुडघा वळेना. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, महिन्यातून दोनदा मिरजेला दाखवायला न्यावं लागतं. कितीतरी वेळ ते तसेच, एक पाय बाहेर आणि एक आत. शेवटी म्हणाले, "सूनबाई, भिंत अजून फक्कीचीच आहे ना? मग पुसा की."

पुसली. त्या एका रविवारनं आमचा नकाशा मुळापासून बदलला.

प्लॉट सांगलीत शामरावनगरच्या बाजूला आहे. 30 बाय 40, म्हणजे 1200 चौरस फूट, गुंठ्याहून थोडा जास्त. रस्ता उत्तरेला, जेमतेम 20 फुटी. आर्किटेक्टनं सांगितलं तसं पुढं 10 फूट आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडलं, की बांधायला उरतात 20 बाय 25. पाचशे चौरस फुटांत सहा माणसांचं घर आणि एक गाडी. शिवाय जागा अशी, की पाऊस लागला की पाणी हटत नाही. काळी माती खोल, पाणी पीत नाही, पिलं तर सोडत नाही.

आणि पूर. सांगलीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. 2005, 2019, 2021. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, हे आमच्या धाकट्यालाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं. तेव्हा आम्ही खणभागात भाड्यानं होतो. दारातली मारुती 800 काढू काढू म्हणता राहून गेली. होडीतून बाहेर पडताना तिचं फक्त टप दिसत होतं. गाडीचं दुःख नंतर झालं. आधी आठवलं ते तिच्या डिकीत ठेवलेलं मामांचं पेन्शनचं पुस्तक आणि आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, आईनं दिलेली पितळेची समई. सुरक्षित राहील म्हणून आम्हीच ते गाडीत ठेवलं होतं.

प्लॉटशेजारच्या घराच्या भिंतीवर त्या पुराची गाळाची रेघ अजून आहे. रस्त्यापासून टेप लावून मोजली, चार फूट. म्हणून जोतं पाच फूट, हे आमच्या घरात वाद न होता ठरलं. मोजायचं रस्त्याच्या मधल्या उंचवट्यापासून, प्लॉटच्या मातीपासून नाही. आमच्या गल्लीत प्लॉट घेतल्यापासून रस्त्यावर दोनदा थर चढलेत, आणि ज्यांनी मातीपासून मोजलं त्यांची जोती आज रस्त्याच्या बरोबरीला आलीत.

खरा पेच इथंच होता. घर पाच फूट वर घ्यायचं, तर गाडी कुठं?

पहिला नकाशा एका इंजिनिअरकडून काढून घेतला होता. त्यात गाडीही जोत्यावरच होती आणि गेटपासून एक छान तिरपी रेघ वर गेली होती. कागदावर बघायला बरं वाटलं. घरी येऊन मी गणित केलं. गाडीला चढायला आठास एक हा चढही खडाच. आठ फूट पुढं गेल्यावर एक फूट वर. मग पाच फूट चढायला 40 फूट लागतात. आमचा अख्खा प्लॉटच 40 फूट खोल आहे. म्हणजे उताराच्या शेवटी गाडी मागच्या शेजाऱ्यांच्या कंपाउंडला लागली असती. दहा फुटांत पाच फूट चढवायचे तर तो उतार नव्हे, घसरगुंडी. गाडीचं पोट घासणार, पावसात चाक फिरणार.

दुसरा मार्ग म्हणजे सगळं घर खांबांवर उचलायचं आणि खाली नुसतं पार्किंग. 2019 नंतर पुराच्या पट्ट्यात बऱ्याच जणांनी तसं केलंय आणि ज्यांना झेपतं त्यांनी जरूर करावं. पण मग मामांना रोज 18-20 पायऱ्या. ते एकदा वर गेले की खाली उतरणारच नाहीत, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. कट्ट्यावर बसायला जाणं, दूध आणणं, सगळं बंद. पुरापासून वाचवायचं आणि घरात कोंडून ठेवायचं, हे मला मान्य नव्हतं.

एका रात्री जेवताना हे म्हणाले, "पूर आला तर घरातली कुठली वस्तू आपल्या पायानं बाहेर जाईल?" धाकटा म्हणाला, "गाडी." बस, तिथंच सुटलं. कोयना धरणातून विसर्ग वाढवला की ते पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात गाडी विश्रामबागला नणंदेच्या दारात लावून परत येता येतं, आणि 2021 च्या जुलैत आम्ही तसंच केलं होतं. जे चालतं ते खाली राहू दे. फ्रीज, तिजोरी, धान्याचे डबे, गादीवरचं माणूस, हे वर पाहिजे.

मग गाडीची जमीन रस्त्यापेक्षा फक्त एक फूट वर घेतली, घर पाच फूट वर. आता जोडणी कशी केली ते नीट सांगते, कारण असा लहान प्लॉट असलेले खूप जण आहेत.

गाडी पूर्ण घराखाली घेतली नाही. पुढचे सोडलेले 10 फूट आणि घराच्या खाली पोटात शिरलेले आठ फूट, अशी 18 फूट लांबी. आमची वॅगन आर बारा फुटांची. नाक घराखाली आणि शेपूट मोकळ्यात. त्यामुळं बांधकामातले फक्त 80 चौरस फूट गाडीला गेले, नाहीतर दोनशे गेले असते.

रुंदी 10 फूट. कागदावर एका गाडीला अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात, म्हणजे सव्वाआठ फूट. पण ते मोकळ्या मैदानात, जिथं दार उघडायला शेजारची हवा असते. भिंतीशेजारी ते पुरत नाही. पहिल्या नकाशात आतून आठ फूटच होते, म्हणून मामा अडकले. आता गाडी साडेपाच फूट धरा, पूर्वेकडे मामांच्या दाराला तीन फूट, पश्चिमेला माझ्या बाजूला दीड. माझ्या बाजूला भिंतच नाही, पुढं पाच फूट मोकळं आहे, म्हणून दीड चालतं.

पण तिथं एक कॉलम होता. घराचा वायव्य कोपरा, गेटपासून बरोबर 10 फुटांवर. फक्कीच्या त्या दिवशी तिथं मी विटा रचून ठेवल्या होत्या आणि माझं दार नेमकं त्यांना लागलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि म्हणाले, "ताई, कॉलम तीन फूट मागं घिऊ, वरचा स्लॅब फुडं काढू." आर्किटेक्टनं सळईचा हिशेब करून तसं दिलं. गाडी प्रत्यक्ष उभी करून दारं उघडली नसती, तर तो कॉलम आम्ही घर असेपर्यंत चुकवत बसलो असतो.

गेट कोणत्या बाजूला, हे मात्र विजेच्या खांबानं ठरवलं. तो पूर्वेकडच्या कोपऱ्यापासून सात फुटांवर आहे. तिथं गेट केलं असतं तर 20 फुटी रस्त्यावरून वळताना रोज खांब आडवा आला असता. म्हणून गाडी पश्चिमेला, म्हणजे वायव्येला. आत्यांनी कॅलेंडर देणाऱ्या गुरुजींना विचारलं, गाडीला वायव्य चांगली म्हणाले. खांबानं आणि गुरुजींनी एकच सांगितलं, म्हणून घरात शांतता झाली. गेट सरकतं घेतोय. आत उघडणारं गेट गाडीची चार फूट जागा खातं, आणि बाहेर रस्त्यावर उघडायचं नसतंच. गटारीवरचा ढापा मात्र गेटपेक्षा दोन फूट जास्त रुंद टाकणार आहोत, कारण वळताना मागचं चाक आतून जातं. आमच्या गल्लीत निम्म्या ढाप्यांचे कोपरे त्यामुळंच फुटलेत.

पायऱ्यांवर सगळ्यात जास्त डोकं खर्च झालं. एक फुटावरून पाच फुटांवर जायचं, म्हणजे 48 इंच. सहा इंचाच्या आठ पायऱ्या. सात इंचाची पायरी ठेवली असती तर एक वाचली असती, पण मामांच्या गुडघ्याला तो एक इंच कळतो. घरी लाकडी पाट रचून त्यांना चढायला लावलं होतं. सहाला ते काठीवर चढतात, सातला माझा खांदा लागतो. या आठ पायऱ्या हॉलच्या पुढच्या भिंतीलगत, रस्त्याला समांतर घेतल्या. सात फूट पायऱ्या आणि वर पोचल्यावर उभं राहायला तीन फुटांचा चौक, बरोबर दहा. हॉलची रुंदीही दहाच. मामा गाडीतून उतरले, वळले, तीन-चार पावलं मागं आले की पहिली पायरी. पाहुणेही तिथूनच. दार ईशान्येला, शेजारी तुळस.

गाडीच्या जागेतून थेट स्वयंपाकघरात दार काढायचं, असं आत्यांच्या मनात होतं. पिशव्या उचलून आणायला सोपं, हे खरंच. पण गाडी सुरू केली की धूर त्या दारातून आधी आत्यांकडेच गेला असता. ते मी त्यांना समजावलं आणि त्यांनीही ऐकलं. त्या बाजूला घराचं एकही दार-खिडकी ठेवली नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आता सांगते. गाडीच्या वरचा स्लॅब रस्त्यापासून 10 फुटांवर येतो. घराचा खालचा मजला पाच फुटांवर, वरचा पंधरावर. म्हणजे गाडीवरची खोली आतल्या जिन्याच्या बरोबर मधल्या चौकाला येऊन मिळते. दहा बाय आठची खोली, ज्यासाठी वेगळा जिना नाही, बोळ नाही. तिथं भिंतीभर कडाप्पा लावून फळ्या करणार. कागदपत्रं, धान्य, समई. ती समई गाळातून निघाली होती, आत्या चिंच लावून तीन दिवस घासत होत्या. एरवी धाकट्याच्या अभ्यासाची खोली आणि पावसाळ्यात आमचं कोठार. पाण्याची टाकीही जमिनीत घेतली नाही, सगळी वर. भाड्याच्या घरातली जमिनीतली टाकी पुराच्या गाळानं भरली होती आणि ती परत वापरायचं धाडस कुणालाच झालं नाही.

एका बाबतीत मी मिस्त्रींशी खरंच भांडले. पायाचे खड्डे नऊ फूट गेले तेव्हा मुरूम लागला. वर काढलेली काळी माती तशीच पडून होती आणि ती जोत्यात भरून टाकू, असं ते म्हणत होते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरची फरशी तिच्याबरोबर वरखाली होणार. गाडीच्या जागेला तर चाकाचं वजन रोज एकाच ठिकाणी पडतं. ती सगळी माती बाहेर घालवली. प्लॉट रस्त्यापेक्षा दोन फूट खोल होता, तेवढ्यालाच 24 ब्रास मुरूम (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आणि दाबल्यावर आणखी. थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस मारायचं, मग दुसरा थर. शाळा सुटली की मी रोज जाऊन उभी राहायचे. मिस्त्री चिडायचे, पण थर चुकवला नाही.

परवा गाडीच्या जागेचं सोलिंग, म्हणजे दगडांचा खालचा थर, संपलं. कोबा व्हायचाय, पायऱ्या अजून नुसत्या विटांच्या. तरी मामा म्हणाले, एकदा नेऊन बघ. गाडी सावकाश आत घेतली. त्यांनी दार उघडलं, पूर्ण उघडलं. काठी काढली, एक पाय, मग दुसरा. उभे राहिले, खडीवर जरा डुलले, विटांच्या पायऱ्यांपाशी आले आणि मोजत चढले. वर चौकात पोचल्यावर त्यांनी कठडा कुठं येणार ते हातानं हवेत चाचपून बघितलं आणि म्हणाले, "दोन्हीकडनं पाहिजे हं." मिस्त्रींनी भिंतीवर कोळशानं खूण केली.

आत्या खाली गाडीच्या बाजूला उभ्या होत्या. वर बघून त्यांनी उन्हाचा अंदाज घेतला, पदर सावरला आणि मला विचारलं, "तू शाळेत गेलीस की दिवसभर ही जागा मोकळीच ना? मग चैत्रात कुरडयांची बाज इथंच टाकू."