गंधार किती व्होल्टचा?

काम दिसायला सोपं होतं. लघुपटाचा शेवटचा प्रसंग, दीड मिनिटाचा, संवाद नाहीत. खाली एक धरून ठेवलेला सूर हवा होता: षड्ज, पंचम, गंधार, बस्स. एरवी असं काही मी तयार प्रीसेटमधून काढून देतो. पण टॅबलेटवर मॉड्युलर सिंथेसायझरचं ॲप नवीनच घेतलं होतं आणि ते खऱ्या कामाला जुंपून बघायचं होतं.

मॉड्युलरमध्ये तयार वाद्य मिळत नाही. आवाज काढणारा ऑसिलेटर वेगळा, तो गाळणारा फिल्टर वेगळा, चढउतार ठरवणारा एन्व्हलप वेगळा. कुठून काय कुठे जाणार, ते वायरी ओढून आपण ठरवायचं. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर, ही सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्या वाद्यांमुळे १९६० च्या दशकात रुळलेली रीत ॲपनेही ठेवली आहे. टॅबलेटच्या वायरींतून वीज जात नाही, नुसते आकडे जातात, पण हिशेब तोच. बोटाखाली सॉकेट झाकलं जातं आणि वायर शेजारच्या भोकात जाते, याचा वैताग येतो. तरी कुठल्याही नॉबवर आकडा टाइप करता येतो, आणि माझ्या दृष्टीने या ॲपचं खरं मोल तिथे आहे. 'मॉड्यूल किती आहेत' एवढंच मोजणाऱ्यांना हे दिसत नाही.

पहिला नमुना नेहमीच्या समान बारा भागांच्या सप्तकात केला. षड्ज १३०.८ हर्ट्झ, गंधार त्याच्यावर ०.३३३३ व्होल्ट. ऑसिलेटरची लहर सॉ-टूथ, करवतीच्या दातांसारखी, म्हणजे सगळे स्वरांश (मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर) हजर. अशा वेळी षड्जाचा पाचवा स्वरांश ६५४ वर येतो आणि गंधाराचा चौथा ६५९ वर. दोघं एकमेकांना घासतात आणि सेकंदाला पाचेक लहरी, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात. पंचमाचीही लहर असते, पण ती दोन सेकंदांत जेमतेम एक. बरेच जण फिल्टर खाली ओढून हे सगळं दडपतात. मला ती पळवाट वाटते.

नमुना पाठवून दिला आणि दुसऱ्या दिवशी गंधाराच्या खिडकीत ०.३२१९ टाकलं. गंधार आणि षड्ज यांच्या कंपनांचं ५:४ हे शुद्ध गुणोत्तर. पंचम ०.५८५०. थरथर जागच्या जागी थांबली. तिन्ही स्वर मिळून एकच आवाज उभा राहिला, इतका भरीव की फिल्टर पूर्ण उघडा ठेवूनही कुठे टोचेना. असा गंधार प्रीसेटमधून मला कधी मिळाला नव्हता.

दिग्दर्शिका आली, हेडफोन लावून दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "दादा, कालचं जास्त जिवंत होतं. हे थांबल्यासारखं वाटतंय."

गुणोत्तरं वगैरे काही न बोलता मी काल आणि आज यांच्यामध्ये एक एन्व्हलप जोडला. ०.३३३३ पासून ०.३२१९ पर्यंत, प्रसंगाच्या लांबीभर, अगदी सावकाश उतरणारा. फरक व्होल्टच्या जेमतेम शंभराव्या भागाचा. सूर सरकतोय हे कळत नाही. कळतं ते एवढंच की लहरी मंदावत चालल्यात. पडद्यावरची बाई फोनकडे बघत बसलेली असते, तिथे सेकंदाला पाच. ती उठून खिडकी उघडते, तिथे दोन. शेवटच्या फ्रेमवर शून्य. तयार आवाजांच्या ढिगात हे सापडणार नाही, कारण ते या प्रसंगाच्या मापाचं आहे.

तिला आवडलं. पण शेवट नको म्हणाली. "पूर्ण शांत नको. तिचं काही मिटलेलं नाहीये अजून." मग तिनेच टॅबलेट पुढे ओढला, नॉब हळूहळू फिरवत राहिली आणि एके ठिकाणी हात काढला. आकडा होता ०.३२४०. सेकंदाला जवळजवळ एक लहर. सिंथेसायझरला तिने त्याआधी कधी हातही लावला नव्हता.

लघुपटात तोच गंधार गेला. कथा तिची, तेव्हा निर्णयही तिचा. पण मी दोन्ही शेवट चित्राखाली लावून पुन्हा पुन्हा ऐकतोय. मला अजून वाटतं, खिडकी उघडल्यावर सूर पूर्ण जुळायला हवा होता. ते दीड मिनिट त्याच दिशेने चाललं होतं. फक्त शून्यावरचा शेवट वाजतो, तेव्हा चित्रातल्या बाईकडे बघायचं राहून जातं आणि मी गंधारच ऐकत बसतो. तिच्या शेवटाला तसं होत नाही.