भिंतीचा फोटो छापला की पडदा होतो का?

छापील पडदे नि अभ्रे बघून लोक हमखास विचारतात, ‘हा तर आपल्या शहाबादी फरशीचा पोत! फोटो काढायचा नि कापडावर छापायचा, एवढंच ना?’ म्हणून नीट सांगतो: एवढंच नाही. फोटोत फरशीबरोबर तिच्यावरचे डाग, ओल, सावल्या सगळं येतं आणि कापड मळल्यासारखं दिसतं. आपल्याला हवा असतो तो फक्त तिचा उंचसखलपणा.

तो कागदावर घासून मिळतो. पातळ कागद फरशीवर चिकटपट्टीने घट्ट बसवा, मेणाचा खडू आडवा धरा आणि हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. उंच भाग उमटतो, खोलगट भाग कोरा राहतो. जोर दिलात तर खोलगटातही रंग उतरतो आणि पोत जातो. वाड्याच्या जोत्यातल्या काळ्या दगडावरचे टाकीचे घाव, बुरुड आळीतल्या सुपाची वीण, हे असं सुरेख उतरतं.

तांब्याचं मठारकाम, म्हणजे भांड्यावरचे हातोडीचे ठोके, मात्र असं निघत नाही. भांड्याच्या गोलाईवर कागद चुरगळतो. तिथे फोटोच घ्यावा, पण फ्लॅश बंद ठेवून, एका बाजूने तिरपा उजेड पाडून, शेजारी मोजपट्टी ठेवून. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत गेलात तर एखादं घंगाळ जवळून बघा. ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांडं टिकतं. प्रत्येक ठोका शेजारच्यावर किंचित चढलेला असतो. ओळ सरळ वाटते, पण कुठेच काटेकोर नसते. कॉम्प्युटरवर एकच ठोका उचलून सगळीकडे भरला की हे सगळं मरतं. निदान वीस-पंचवीस वेगवेगळे ठोके घ्याच.

मग रिपीट, म्हणजे कापडभर पुन्हापुन्हा छापला जाणारा डिझाइनचा तुकडा. सगळ्यात जास्त डिझाइनं इथेच फसतात. डिझाइनचा चौकोन उभा-आडवा मधोमध कापून तिरक्या समोरासमोरच्या तुकड्यांची अदलाबदल करा. बाहेरच्या कडा आत येतात, सांधा मध्येच दिसतो, तो हाताने भरायचा. नंतर नऊ प्रिंट भिंतीवर जोडून लावा आणि दहा फुटांवरून डोळे किलकिले करून बघा. एखादा ठसठशीत डाग राहिला असेल तर त्याची रांग लागलेली लगेच दिसते. पडद्यावर तीच छतापासून जमिनीपर्यंत दिसत राहील. गिरणीत रोटरीवर, म्हणजे फिरत्या नळीसारख्या जाळीदार स्क्रीनने, छापायचं असेल तर लांबीतला रिपीट ६४, ३२ किंवा १६ सेंमीचा ठेवा, कारण स्क्रीनचा घेर सहसा ६४ सेंमी असतो.

आकारही बघण्याच्या अंतरावरूनच ठरवायचा. मठारचा ठोका अभ्र्यावर मूळ मापात शोभतो. पडद्यावर तोच दुरून नुसता करडा दिसतो, म्हणून तिथे तिप्पट मोठा करावा.

कापड २०० ते २५० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) सुती, खळ काढून धुतलेलं. खळ राहिली तर रंग वरवर बसतो आणि धुण्यात निघतो. शिवाय न धुतलेलं सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे सात फुटी पडदा अडीच ते चार इंचांनी वर जातो.

हाताने स्क्रीनवर छापत असाल तर एप्रिल-मे जपून. पुण्याच्या कोरड्या हवेत रंग जाळीतच सुकतो आणि बारीक रेषा बुजतात. पंखा बंद करा, रंगात थोडं ग्लिसरीन घाला, दोन छाप्यांच्या मध्ये थांबू नका.

पिगमेंट रंग (कापडावर बाइंडरने, म्हणजे चिकट द्रावाने, बसणारा) पूर्ण वाळल्यावर १५० अंश सेल्सिअसवर चार-पाच मिनिटं तापवावा लागतो. थंड झाल्यावर ओलं पांढरं फडकं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर पुढच्या खेपेला बाइंडर वाढवायची घाई करू नका; त्याने कापड ताठ होतं आणि पडद्याच्या चुण्या नीट पडत नाहीत. आधी तेच कापड पुन्हा तापवून बघा. बहुतेक वेळा उष्णताच कमी पडलेली असते.