आमची वाटचाल: रिवाइंडिंगच्या टेबलापासून पंख्याच्या बोर्डापर्यंत

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात छताच्या बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरच्या) पंख्यांचे ड्रायव्हर बोर्ड, म्हणजे मोटर चालवणारी सर्किटं, तयार होतात. सुरुवात मोटर रिवाइंडिंगने झाली. वडिलांच्या हाताखाली वेढे भरता भरता मोटर आतून कळली, आणि डिप्लोमानंतर तिला चालवणाऱ्या सर्किटकडे मन ओढलं गेलं.

बीएलडीसीला ब्रश नसतात. तिच्या तीन फेजपैकी (वायंडिंगपैकी) कोणत्या फेजला कधी करंट द्यायचा हे मायक्रोकंट्रोलर ही छोटी चिप ठरवते, सहा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) ते अमलात आणतात. खरी गोम आहे रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, कुठे आहे हे कळण्यात. चुंबकावरून रोटरची जागा ओळखणारे हॉल सेन्सर लावले तर काम सोपं होतं, पण पंख्यात खर्च वाढतो आणि वायरीही. आम्ही सेन्सरशिवायचा रस्ता धरला: त्या क्षणी जी फेज मोकळी (करंट न दिलेली) असेल तिच्यावरचा बॅक ईएमएफ, म्हणजे मोटर फिरल्याने तयार होणारा व्होल्टेज, वाचायचा. थांबलेल्या पंख्यात तो शून्य असतो. म्हणून आधी रोटर एका जागी धरायचा, अंदाजाने वेग वाढवत न्यायचा आणि सिग्नल स्पष्ट झाला की पुढचं त्यावर सोपवायचं.

सगळ्यात जास्त मेहनत घेतली ती लाइट जाऊन लगेच परत येते त्या वेळेसाठी. पंखा अजून फिरतच असतो. कधी खिडकीतल्या वाऱ्याने पाती उलटीही फिरत असतात. तेव्हा नेहमीसारखी सुरुवात केली तर पंख्याला हिसका बसतो, करंट उसळतो. आमचा बोर्ड आधी सहाही मॉसफेट बंद ठेवून तिन्ही वायरींवरचं व्होल्टेज बघतो. दिशा सरळ असेल तर आहे त्या वेगातच मोटर पकडतो. उलटी असेल तर खालचे तिन्ही मॉसफेट चालू करून वायंडिंग शॉर्ट करतो, पाती मंदावतात, मग नव्याने सुरुवात. गावाकडच्या लाइटची ज्याला सवय आहे, त्याला याचं मोल सांगावं लागत नाही.

पुढे गिऱ्हाइकांनी रात्रीच्या घरघरीकडे लक्ष वेधलं. करंट पायऱ्यापायऱ्यांनी बदलला की टॉर्कही (फिरवण्याचा जोर) खालीवर होतो, आणि एक नंबरवर शांत खोलीत ते ऐकू येतं. आम्ही साइन वेव्हकडे, म्हणजे लाटेसारखा हळूहळू बदलणाऱ्या करंटकडे, वळलो. त्यात मोकळी फेज उरत नाही, रोटरची जागा करंटवरून गणिताने काढावी लागते. मेहनत दुप्पट, पण पंखा गप्प झाला.

२०२१ मध्ये चिप मिळेनाशा झाल्या. कोड आम्हीच लिहिलेला होता, म्हणून दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरवर नेता आला. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं झालं, आणि ७५ वॅटच्या जागी ३० वॅटच्या आसपास चालणाऱ्या पंख्यांची विचारणा वाढली.

सध्या फवारणी पंपाचा बोर्ड चाचणीत आहे. तिथे मोटर दाबाविरुद्ध जागेवरून उचलायची असते, अंदाजाने सुरुवात चालत नाही. त्यासाठी हॉल सेन्सरच घेतले आहेत.