पूररेषा उद्याच्या शहराची हवी

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून उतरणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि पुण्यात पूररेषेचा विषय घरोघरी पोहोचला. पुराचे पाणी कुठवर चढेल हे नकाशावर दाखवणारी ही रेषा संगणकीय प्रारूपातून (मॉडेलमधून) निघते. त्या प्रारूपात कोणती गृहीतके घातली आहेत, हे मात्र क्वचितच कुणी विचारते, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

हेक-रास या नदीप्रवाहाच्या सॉफ्टवेअरसारख्या प्रारूपाला पात्राचे आडवे छेद, पात्राचा खडबडीतपणा आणि येणारा विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) दिला की पाणी कुठवर चढेल हे ते सांगते. विसर्ग किती धरायचा, हे मात्र वरच्या पाणलोटातली जमीन ठरवते. त्यासाठी ‘कर्व्ह नंबर’ची जुनी, सोपी पद्धत आहे: हा अंक जितका मोठा, तितके जास्त पाणी जमिनीत न मुरता वाहून जाते. पाणी बेताचेच मुरू देणाऱ्या एकाच प्रकारच्या मातीवर चांगले जंगल असेल तर हा अंक साधारण 70 धरतात आणि दाट घरे झाली की 90. आता 100 मिलिमीटर पाऊस पडला असे धरून गणित केले, तर जंगलातून सुमारे 33 मिलिमीटर पाणी वाहून येते आणि वस्तीतून सुमारे 73. पाऊस तेवढाच, पण ओढ्याकडे येणारे पाणी दुपटीहून अधिक. शिवाय ते लवकर पोहोचते, हे वेगळेच.

म्हणून विकास आराखड्यात डोंगरउतारावर निवासी विभाग दाखवायचा आणि खालची पूररेषा आजच्या जमीनवापरावरून आखायची, हे मला अजिबात पटत नाही. आराखडा ज्या वर्षासाठी आहे, त्या वर्षीची वस्ती धरूनच प्रारूप चालवले पाहिजे, आणि तेही आरक्षणे (कोणती जागा कोणत्या सार्वजनिक कामासाठी राखायची ते) ठरण्यापूर्वी.

पूररेषा दोन असतात: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऐकायला हे फार दूरचे वाटते. परंतु निळ्या रेषेला लागून वीस वर्षांच्या कर्जावर घर घेतले, तर कर्ज फिटेपर्यंत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 56 टक्के आहे. घर घेणाऱ्याला हा आकडा करारापूर्वी कळायलाच हवा.

हरकती-सूचनांसाठी आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा नकाशासोबत छेद कोणत्या वर्षी मोजले, कर्व्ह नंबर किती धरला आणि पुलाखालच्या मोऱ्या पूर्ण मोकळ्या धरल्या की निम्म्या तुंबलेल्या, हेही छापले जावे. हरकत घ्यायची ती रेषेवर नव्हे, या आकड्यांवर घ्यावी लागते.