वाकडा समुद्र

पावसाळी दुपारी मरीन ड्राइव्हवर काढलेला फोटो घरी येऊन उघडला की समुद्र हमखास एका बाजूला कललेला असतो आणि सगळं चित्र पुसलेल्या पाटीसारखं राखाडी. कठड्यावरून उसळलेली लाट फोटोत आहे, पण तिचा जोर कुठे गेला कळत नाही. फोटो एडिटिंग शिकायला मुंबईकराला याहून चांगला नमुना मिळणार नाही. सॉफ्टवेअर कुठलं, हा वाद नंतर घाला. फोटोशॉप १९९० पासून आहे आणि त्याचं भाडं भरावं लागतं. गिंप फुकट आहे आणि इथलं सगळं काम त्यात होतं. मूळ फाइलची एक प्रत मात्र आधी काढून ठेवायची.

सुरुवात समुद्रापासून. मेझर टूल घेऊन क्षितिजावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि 'स्ट्रेटन' दाबायचं. इथे एक फसगत आहे. नरिमन पॉइंटवरून चौपाटीकडे पाहिलं की किनाऱ्याची रेघ तिरकीच दिसते, कारण ती लांब जाताना वळते. तिला क्षितिज समजून सरळ केली, तर इमारती आडव्या पडायला लागतात. उघड्या समुद्राची रेघ धरावी. ती नसेल तर चित्राच्या मधोमध असलेल्या एखाद्या इमारतीची उभी कड. फोटो फिरवला की कोपरे रिकामे होतात, म्हणजे कापाकापी आलीच. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो २ अंशांनी फिरवून तेच प्रमाण राखलं, तर साधारण ३८२४ बाय २८६८ उरतो. कडेला उभा असलेला छत्रीवाला अर्धा कापला जातो तो असा. म्हणून काढतानाच थोडी जागा सोडलेली बरी.

आता तो राखाडीपणा. 'लेव्हल्स' उघडलं की डोंगरासारखा आलेख दिसतो, तो हिस्टोग्राम. डावीकडे ० म्हणजे काळं, उजवीकडे २५५ म्हणजे पांढरं. पावसाळी फोटोत डोंगर मधेच उभा असतो, समजा ६० ला सुरू होऊन १९० ला संपतो. म्हणजे चित्रात खरं काळं नाही की खरं पांढरं नाही. मळकटपणा म्हणतात तो हाच. आलेखाखालचा काळा त्रिकोण ६० जवळ आणायचा, पांढरा १९० च्या जरा पुढे, २०० वर ठेवायचा. लाटेचा फेस अगदी २५५ ला टेकला, तर त्यातले तुषार जातात आणि कापसाचा बोळा उरतो. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून त्रिकोण सरकवला, तर कुठला भाग करपतोय ते तिथल्या तिथे दिसतं. मधला त्रिकोण १.०० वरून १.१५ केला की ओला रस्ता उजळतो. बहुतेकांना एवढ्यावर थांबवत नाही, ही खरी अडचण.

लेव्हल्स लावून पुन्हा आलेख पाहिला, तर त्याचे कंगव्यासारखे दात झालेले असतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. त्यातल्या ६० ते १९० या १३१ च वापरात होत्या, त्याच ताणून जवळजवळ सगळ्या जागेवर पसरवल्या. मधल्या जागा रिकाम्या राहणारच. थोडं ताणलं तर खपून जातं, फार ताणलं तर ढगांत पट्टे उमटतात. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची नोंद, १२ बिटांची असेल तर पायऱ्या ४०९६, म्हणून तिला ओढाताण सोसते.

रंगांचं वेगळं. 'लेव्हल्स'मधल्या राखाडी ड्रॉपरनं अशा वस्तूवर टिचकी मारायची, जी मुळात रंगहीन आहे: डबेवाल्याची पांढरी टोपी, सिमेंटचा कठडा. टोपीवर उन्हाचा झोत पडून ती पूर्ण २५५ झाली असेल, तर ड्रॉपरला तिच्याकडून काहीच कळत नाही. तिची सावलीची बाजू निवडा. रात्री मरीन ड्राइव्हच्या दिव्यांच्या रांगेतला, म्हणजे 'राणीच्या हारा'तला, पिवळेपणा मात्र सगळा काढू नये. काढला की दिवे दवाखान्यातल्या ट्यूबलाइटसारखे दिसतात.

लोकलच्या डब्यात आत एक उजेड, खिडकीबाहेर दुसरा. तिथे एका ड्रॉपरनं भागत नाही, लेयर हवा. लेयर म्हणजे चित्रावर ठेवलेला ट्रेसिंग पेपर. त्याला मास्क लावला की मास्कवरचा पांढरा रंग लेयर दाखवतो, काळा झाकतो. डब्याचा रंग एका लेयरवर सुधारायचा आणि खिडकीवर काळा ब्रश फिरवायचा. शिकणाऱ्याच्या चित्रावर इथे हमखास काळा डाग पडतो, कारण मास्कऐवजी चित्रच निवडलेलं असतं. रंगवण्याआधी लेयरच्या यादीत मास्कच्या छोट्या चौकोनाभोवती चौकट आहे का, ते बघावं.

गिरगावातल्या चाळींवरून गेलेल्या केबलच्या वायरी पुसायला हील ब्रश, म्हणजे आजूबाजूच्या रंगात डाग मिसळून टाकणारा ब्रश, आभाळात छान चालतो, पण कौलांच्या कडेशी नेला की कौलं आभाळात मिसळून चिखल करतो. कडेला क्लोन घ्यावा, तो एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे उमटवतो. तुकडा जिथून घेतो तो उगमाचा ठिपका दर दोन-तीन फटक्यांनी बदलावा, नाहीतर एकच ढग तीन ठिकाणी उगवतो.

धार लावायची, म्हणजे 'शार्पन' करायचं, ते सर्वांत शेवटी, आकार ठरल्यावर आणि १०० टक्के झूमवर. आधी लावली तर इमारतींच्या कडांना पांढरी किनार येते. ६ बाय ४ इंचाच्या प्रिंटला ३०० पीपीआयनं (इंचाला ३०० पिक्सेल) १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. लोकलमध्ये फोनचा उजेड पूर्ण वाढवून एडिट केलेला फोटो प्रिंटमध्ये काळवंडतो, त्यात लॅबवाल्याचा दोष नसतो. लेयरसकट फाइल गिंपच्या एक्ससीएफ किंवा फोटोशॉपच्या पीएसडी प्रकारात ठेवा आणि जेपेग शेवटी एकदाच काढा. पुन्हा उघडून सेव्ह केली की दरवेळी थोडं झिजतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे इतकी जपलेली लाट आत्याच्या फोनवर चुरगळून पोचणार नाही.